वारात आठ बोटं कमी

मास्तर, तुझ्या दशक्रियेला आज सहा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात आलास, पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यालास आणि म्हणालास, "शेठ, उद्या टेसनाव या. पारूनं नाचणीचं पापड केल्यात. कांदा-लसूण न्हाई बरं का त्यात." पापडात कांदा-लसूण कोण घालतं? पण मी जैन, म्हणून मला काहीही खायला देताना हे सांगायचंच, ही तुझी पस्तीस वर्षांची खोड. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गावच्या पाण्याची मोटार चालू करायला गेलास आणि तिथेच बसल्या जागी गेलास. निरोप आला तेव्हा मी एका बाईला परकराचं कापड दाखवत होतो. ते हातात धरून मी किती वेळ तसाच उभा राहिलो कोण जाणे. बाई बिचारी निघून गेली.

तुझा जन्म कधीचा, शाळा किती, असलं काही मी इथे लिहिणार नाही. तुला तरी ते कुठे नक्की ठाऊक होतं? मला जे लिहायचं आहे ते बारा-तेरा वर्षं माझ्या घशात अडकलं आहे. तू समोर होतास तेव्हा बोललो नाही. आता तू मध्येच "शेठ, ऱ्हाऊ द्या" म्हणून मला गप्प करू शकत नाहीस, एवढाच काय तो फायदा.

ज्यांनी आपलं टेसन पाहिलेलं नाही त्यांना आधी ते दाखवायला हवं. धरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत खाणीतला दगड येडगावच्या बाजूला न्यायला अरुंद रुळांची एक छोटी लाइन टाकली होती. म्हशीएवढं इंजिन आणि त्याच्यामागे दगडाचे डबे. वाटेत आपल्या माळावर एका गाडीने दुसरीला वाट द्यायची, म्हणून तिथे दोन रूळ, घडीव दगडाचा हातभर उंचीचा ओटा आणि पत्र्याची खोली. बाजाराच्या दिवशी रिकामे डबे परत निघाले की त्यात बायका चढत, शेळ्या चढत, भाजीच्या पाट्या चढत. कुणी हटकत नसे. म्हणून लोक त्या पत्र्याच्या खोलीला टेसन म्हणू लागले आणि तिथे झेंडी दाखवणाऱ्या कोंडिबाला मास्तर. तू डोंगरातली भाताची खाचरं भावांवर सोपवून धरणावर मजुरीला आला होतास. झेंड्यांसाठी हिरवं आणि तांबडं कापड घ्यायला माझ्या दुकानात आलास ती आपली पहिली भेट. मी विचारलं, सुती देऊ की पॉपलीन? तू म्हणालास, "लांबून दिसल असं द्या." गिऱ्हाइकाने इतकं नेमकं सांगावं, असं माझ्या धंद्यात फार थोड्या वेळा झालं आहे.

धरण झालं, इंजिन गेलं, डबे गेले, बहुतेक रूळही उचलून नेले. टेसनाच्या आसपासचा थोडा तुकडा तेवढा राहिला आणि तू राहिलास. चार महिने राखण कर असं तुला कुणीतरी सांगितलं होतं; पाचव्या महिन्यात आता जा असं सांगायला कुणी आलं नाही. मग तू पंचायतीच्या पाण्याच्या मोटारीवर लागलास, पारूवहिनीने माळाच्या कडेला मटकी-बाजरी केली आणि पत्र्याची खोली तुमचं घर झाली. सकाळी मोटार चालू केलीस की तू ओटा झाडायचास. रोज. मी तुला किती चिडवायचो! "मास्तर, आज कुठली गाडी? मुंबई मेल की पंजाब?" तू झाडू न थांबवता म्हणायचास, "आज कुठलीच न्हाई. पण कचरा हाये."

आपलं भांडण एकच होतं आणि ते आपण कधीच संपवलं नाही. मी म्हणायचो, ती रेल्वे नव्हती, दगड वाहायचा डबा होता, त्याला तिकीट नव्हतं, वेळापत्रक नव्हतं, मग स्टेशन कसलं? तुझे कान लाल व्हायचे. "शेठ, तुमच्या आईचा पाय मोडला तवा बाजारातून कशात बसवून आणली व्हती?" त्या डब्यातच आणली होती, हे खरं होतं. तूच तिला उचलून डब्यात ठेवली होतीस आणि ड्रायव्हरला हळू ने म्हणून दरडावलं होतंस. माझी आई मारवाडातून आलेली, मराठी जपून बोलणारी. तुझ्यासाठी मात्र तिने पहिल्यांदा शुद्ध गावठी शब्द वापरला. "लई गुणाचा हाय," म्हणाली. एवढं झाल्यावर भांडण पुढे कसं न्यायचं? पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा न्यायचोच.

नव्वदच्या दशकात इकडे टोमॅटो वाढला. नारायणगावला टेम्पोंची रांग लागू लागली आणि तुझ्या डोक्यात गाडी पुन्हा सुरू झाली. रुळाखालचा भराव जागच्या जागी आहे, ओढ्यावरचा पूल शाबूत आहे, रूळ टाकले तर माळ ते मोठा रस्ता गाडी चालेल, क्रेट जातील, बाजारकरू जातील. तू बोलायचास आणि मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहायचो. खाली तू अंगठा नाही, सही करायचास. तेवढ्यासाठी तू माझ्याकडून नावाची तीन अक्षरं शिकला होतास. आपण दोन वर्षं अर्ज पाठवले. मला वाटायचं, चाललंय ते चालू दे, म्हाताऱ्याला चाळा आहे. तू माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा होतास, पण मी मनात तुला म्हातारा म्हणायचो.

आणि मग उत्तर आलं. कुणीतरी साहेब पाहणीला येणार. जागेवर थोडी लाइन पाहायला मिळाली तर बरं होईल, असं त्यात लिहिलं होतं. तू ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलंस. चौथ्या वेळी तू डोळे मिटून ऐकत होतास.

त्यानंतरचा महिना मी विसरणार नाही. टेसनाजवळ उरलेले रूळही मागाहून गावाने पळवले होते आणि कुठला कुठे गेला हे तुला सगळं ठाऊक होतं. कुणाच्या गोठ्याचं आढं, कुणाच्या पाटावरचा साकव, कुणाच्या विहिरीवरचा मोटेचा आडवा खांब. तू एकेकाच्या दारात जाऊन उभा राहिलास. चोर म्हणाला नाहीस, सरकारी माल म्हणाला नाहीस. "टेसनाचा रूळ तुमच्याकडं ठेवायला दिला व्हता, तो न्यायला आलोय," एवढंच. लोक आधी ओशाळले, मग हसले, मग गोठ्याला बाभळीचं आढं घालून रूळ काढून देऊ लागले. एक रूळ सोयरिकीत महाळुंगे पडवळला गेला होता. तू एसटीने जाऊन, पावण्यांच्या घरी जेवून, तो टेम्पोवर टाकून घेऊन आलास. दगडाचा एक मोडका डबाही ओढ्यात सापडला. लोहाराने त्याची चाकं सोडवली आणि वर फळ्या ठोकून बसायला पाट केला. साहेबांना त्यात बसवून पुलापर्यंत ढकलत न्यायचं ठरलं. माळावर रोज पन्नास-साठ माणसं राबत होती. मीसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करून यायचो आणि सल्ले द्यायचो, कारण तेवढंच मला जमत होतं.

आता माझं येतं.

दोन रुळांतलं अंतर मोजायची लोखंडी दांडी कंत्राटदाराबरोबर गेली होती. पण जुन्या मुकादमाचं माप तुझ्या तोंडात पक्कं होतं: एक वार, आणि वारात आठ बोटं कमी. वार मोजायचा तर वाराचा गज हवा, आणि तो सबंध गावात फक्त माझ्याकडे, माझ्या वडिलांच्या वेळचा. सरकारने मीटर आणल्यावर वाराने कापड मोजणं बंद झालं. एकदा वजनमापवाले तपासणीला आले आणि हे अजून कशाला ठेवलंय म्हणून माझ्यावर डाफरले, तेव्हापासून मी तो गज फडक्यात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकला होता. दिवाळीला पूजेपुरता खाली काढायचो.

तू आलास तेव्हा लग्नसराई होती. दुकानात बस्त्याचं कुटुंब बसलेलं, नवरीची आत्या एकेक साडी नाकारत होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. तू म्हणालास, "शेठ, वाराचा गज द्या. रूळ टाकाया घेतलाय." शिडी लावायची, पोटमाळ्यावर चढायचं, धूळ अंगावर घ्यायची, तीही गिऱ्हाइकांसमोर. मी टेबलावरची मीटरपट्टी उचलली आणि तुझ्या हातात दिली.

तू ती हातात धरून पाहिलीस. "शेठ, ह्यो वार न्हाई. जरा लांब दिसतोय."

"अरे, सरकारनं वाराच्या जागी हेच आणलंय. दोन्ही सारखंच."

"सारखं कसं? मुकादम वार म्हणायचा."

"मास्तर, मी जन्मभर मापंच मोजतोय ना? दोन-चार बोटांनी काय गाडी पडणार आहे? जा, कामाला लाग."

तू म्हणालास, "मापातलं तुमाला जास्त कळतंय." आणि गेलास. हे वाक्य तू टोमण्याने म्हणाला असतास तर मी आज इतका तळमळलो नसतो. तू ते खरं मानून म्हणाला होतास. मी दोन्ही मापांनी कापड विकलेला माणूस. वार आणि मीटर यांतला फरक मला झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. मला शिडी लावायचा कंटाळा आला होता, बस.

रूळ टाकून झाले. मी पाहायला आलो तेव्हा तू ओट्यावर उभा राहून डोळे बारीक करत होतास. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. "शेठ, जरा रुंद वाटतंया," म्हणालास. मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी बघतोयस, म्हणून वाटतं." ही तू मला दिलेली दुसरी संधी होती. मी तीही घालवली. डबा तेव्हाच रुळावर ठेवून पाहिला असता तरी निभावलं असतं. पण साहेबांच्या हस्ते नारळ फुटल्याशिवाय डबा रुळावर ठेवायचा नाही, असं गावाने ठरवलं होतं. नव्या गाडीत पूजेआधी कुणी बसत नाही, तसं. कुणी त्याला आडवं आलं नाही, आणि मी तर नाहीच.

तो दिवस. ओट्याला चुना, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, हलगी, आरत्या घेतलेल्या बायका. पारूवहिनी ठेवणीतली साडी नेसून पोह्यांच्या पातेल्याजवळ उभी. तू धुतलेली टोपी घातली होतीस आणि हातात नवी हिरवी झेंडी, लांबून दिसेल अशी. जीपमधून उतरलेला साहेब अगदी तरुण, चांगला वाटला मला. त्याने नारळ फोडला. आठ जणांनी डबा उचलून रुळावर ठेवला. एका बाजूची चाकं रुळावर बसली आणि दुसऱ्या बाजूची खण्णकन आत पडली. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. हलगी थांबली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि मग सगळा माळ हसायला लागला.

साहेब हसला नाही. त्याने वाकून टेपने अंतर मोजलं आणि सरळ होत विचारलं, "माप कुणी घेतलं होतं?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला हार होता. मला उत्तर ठाऊक होतं. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मास्तर, त्या एका नजरेत तू मला सगळं सांगितलंस: तुला कळलं होतं, आणि तू ते कुणाला कळू देणार नव्हतास.

"म्या घेतलं, सायेब," तू म्हणालास. "डोळ्याला दिसत न्हाई आता. माजंच चुकलं."

मी साहेबांच्या गळ्यात हार घातला.

साहेबांनी पोहे खाल्ले, भराव पाहिला, पूल पाहिला, तुझ्याशी दहा मिनिटं नीट बोलले आणि गेले. काही महिन्यांनी पत्र आलं की प्रस्ताव व्यवहार्य नाही. त्यात मापाचा उल्लेख नव्हता. मी ते पत्र छातीशी धरून ठेवलं म्हण ना. बघ, मी स्वतःला सांगायचो, रूळ बरोबर असते तरी नाहीच म्हणाले असते. एकदा तुझ्यासमोरही हे बोलून दाखवलं. तू म्हणालास, "आसंल. पण सायेब डब्यात बसून पुलापतूर गेला असता. तेवढं तरी झालं असतं." तू रागाने म्हणाला नाहीस. मी विषय बदलला.

गावाला मात्र नवा चाळा मिळाला. कुणाची पाटी तिरकी लागली की "मास्तरचं माप". शिंप्याने झंपर ढगळ शिवला की "मास्तरच्या मापाचा झालाय". माझ्या दुकानात, माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक हे म्हणायचे आणि मी गिऱ्हाइकाबरोबर हसायचो. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेली नाही. पायरीवर तू बसलेला असताना एकदा एक बाई हे बोलली. तू मान खाली घालून तंबाखू मळत राहिलास.

आणि तरीही तूच, मला हृदयाचा त्रास झाल्यावर, दोन वर्षं रोज मला चालायला नेलंस. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटल्यावर तू दुपारची मोटार चालू करून थेट माझ्या दारात हजर. टेसनापर्यंत जायचं, ओट्यावर बसायचं, ऊन कलायच्या आत परतायचं, कारण दिवस मावळायच्या आत माझं जेवण. त्या वाटेवर मी कितीदा सुरुवात केली, "मास्तर, ते मापाचं..." तू लगेच म्हणायचास, "शेठ, दम लागल. बोलू नका. चाला." मी चालायचो. मला बरंच वाटायचं की तू बोलू देत नाहीस. माझा जीव तू वाचवलास असं डॉक्टरही म्हणाले, आणि मी तुला साधं धन्यवादसुद्धा म्हणालो नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती म्हणून नव्हे. एक बोललो असतो तर दुसरंही बोलावं लागलं असतं.

आशा मात्र तू सोडली नाहीस. तीन-चार वर्षांपूर्वी मोठ्या रेल्वेचा सर्व्हे करणारी मंडळी माळावर दुर्बिणी लावून उभी होती. दर निवडणुकीला येणारी ती रेल्वे. तू त्यांना पाणी नेऊन दिलंस आणि विचारलंस, "आमची धाकटी लाइन तुमच्या थोरलीला जोडून घ्याल का?" त्यातला एक जण म्हणाला, "बघू." तू मला येऊन सांगितलंस, "शेठ, बघतो म्हनले." मी पहिल्यांदाच तुझी टिंगल केली नाही. मी म्हटलं, "म्हणजे होईल." तुला इतकं बरं वाटलं की तू माझ्या चहाचा कपसुद्धा प्यायलास. अद्रक नसलेला माझा चहा, ज्याला तू गरम पाणी म्हणायचास.

आपल्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, तुला माहीतच आहे. दुसऱ्यांच्या दशक्रियेला तू सगळ्यात मागे बसून कोण किती लांबण लावतो ते मोजायचास. तुझ्या वेळीही नदीकाठी माईक लावला होता. सरपंच बोलले, पाणीपुरवठ्याचे सभापती बोलले, मग पंचायतीचा एक सदस्य उठला आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने, त्याने डब्याची गोष्ट सांगितली. "मास्तरांचं माप चुकलं, पण मन मोठं होतं." लोक हसले, डोळे पुसत हसले. मी उठलो, माईक घेतला आणि सगळं सांगितलं. वाराचा गज, मीटरपट्टी, बस्ता, शिडी, तू दोनदा विचारलेलं, मी दोनदा उडवून लावलेलं. कुठेही सारवासारव केली नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता कुणीतरी दगड मारेल आणि मारावाच.

टाळ्या पडल्या, मास्तर. सरपंचांनी मला मिठी मारली. "गेलेल्या मित्राची चूक मैत्रीसाठी आपल्या अंगावर घेणारा असा माणूस आपल्या गावात आहे," असं ते माईकवर म्हणाले. मागून आवाज आला, "शेठचं मन लई मोठं राव!" मी हात हलवून नाही नाही म्हणत होतो, तसतशा टाळ्या वाढत होत्या.

लोक पांगल्यावर मी पारूवहिनीजवळ गेलो. तिला म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी खरं माना.

"मला ठावं हाय," म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी. कुनाला बोलायचं न्हाई म्हनून शपथ घातली व्हती."

मी खाली बसलो.

"शेठ, एक विचारू? ते बाजाराला का जात नव्हतं, ठावं हाय का तुमाला?"

"गुडघे," मी म्हणालो.

"गुडघं? रोज तुमाला टेसनापतूर आणि परत चालवत नेत व्हतं ते, गुडघं दुखत असतं तर नेलं असतं का? बेल्ह्याच्या बैलबाजारात समदे हाका मारायचे, मास्तर, हे जू मापाचं हाय का बघा. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग जायचंच सोडलं. बारा वरसं बाजार मीच केला." तिने डोळ्याला पदर लावला नाही. "तुमी हितं बोलला, बरं केलं. पर हितं काय, दशक्रियेला समदेच चांगलं बोलत्यात. जिथं हसले तिथं सांगा."

मास्तर, तुला बाजार किती आवडायचा हे मला ठाऊक होतं. तुला बैल विकत घ्यायचा नसायचा, विकायचा नसायचा. तू नुसता फिरायचास, शिंगांना हात लावायचास, भेळ खायचास. मी ते सगळं गुडघ्यांवर लिहून मोकळा झालो होतो. बारा वर्षं तुझ्याशेजारी वावरलो आणि एकदाही मनात आलं नाही.

काल बेल्ह्याचा बाजार होता. दुकान बंद ठेवून मी टेम्पोत बसलो. पांढरं धोतर घातलेला कापडवाला बैलबाजारात शिरला म्हणून लोक बघायला लागले. एका व्यापाऱ्याला सांगायला लागलो तर त्याला वाटलं मी बैल घ्यायला आलोय आणि त्याने बोटांवर भाव ठरवायला माझा हात धरून रुमालाखाली घेतला. दुसरा म्हणाला, "शेठ, गेला बिचारा, आता कशाला?" चहाच्या टपरीवर तिघांना सांगितलं, तिघांनी मान डोलावली आणि टोमॅटोच्या भावाकडे वळले. उन्हाने माझी छाती धडधडत होती आणि "चाला" म्हणायला तू नव्हतास.

मग एका खोंडाचे दात बघत उभा असलेला फेटेवाला दलाल दिसला. तुला हाका मारणाऱ्यांत तो पुढे असायचा, असं वहिनीनेच सांगितलं होतं. त्याला मी पहिल्यापासून सांगितलं. त्याने खोंडाचं तोंड सोडलं नाही, पण ऐकलं.

"म्हंजी माप तुमी चुकीचं दिलं?"

"हो."

"आन मास्तर म्हनत व्हता, ह्ये वार न्हाई म्हनून?"

"दोनदा म्हणाला."

त्याने खोंडाचं तोंड सोडलं. फेटा काढून हातात घेतला. मग पलीकडच्या दावणीवरच्या माणसाला हाक मारली, "आरं ए, ऐकलं का? आपुन त्या टेसनमास्तरला उगाच लई छळलं राव. माप त्याचं बराबर व्हतं."

बैलांच्या घंटांचा, हाळ्यांचा, टेम्पोंच्या भोंग्यांचा कल्ला होता. पलीकडच्याला ऐकू गेलं नाही. काय म्हणून विचारत त्याने कानामागे हात धरला.

मी साठी उलटलेला, हृदयाचा रोगी, आयुष्यात कधी गिऱ्हाइकाशीसुद्धा मोठ्याने न बोललेला माणूस. भर बैलबाजारात छाती भरून ओरडलो, "मास्तर बरोबर होता! चुकलो मी!"